हार्ट पेशंटनं ही सुई घ्यावी का?

(दृश्य : इंजेक्शनच्या पेनाचं टोक फिरतंय, बारीक टकटक. खिडकीत आकडा येतो : ०.२५)

वजन उतरवणारं इंजेक्शन सेमाग्लुटाइड. त्याची सुरुवात होते पाव मिलिग्रॅमपासून. आठवड्यातून एकदा, पोटावर, मांडीवर किंवा दंडावर. सुई इतकी आखूड आणि बारीक की टोचल्याचं जेमतेम कळतं. पण ज्याला एकदा अटॅक येऊन गेलाय, ज्याच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसलाय, तो पेन हातात घेण्याआधी डॉक्टरांना एकच विचारतो : वजन उतरेल हो, पण हृदयाला काही होणार नाही ना?

शंका रास्त आहे. वजन कमी करणाऱ्या औषधांनी हृदयाला याआधी दगा दिलेला आहे.

१९९० च्या दशकात अमेरिकेत फेनफ्लुरामिन आणि फेंटरमिन या गोळ्या एकत्र घ्यायची लाट आली होती. भूक मरायची, वजन उतरायचं. मग १९९७ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २४ स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. या गोळ्या घेणाऱ्या त्या स्त्रियांच्या हृदयाच्या झडपा जाड होऊन गळायला लागल्या होत्या. फेनफ्लुरामिन सेरोटोनिन या शरीरातल्या रसायनाच्या वाटेनं काम करायचं, आणि सेरोटोनिनला प्रतिसाद देणारे रिसेप्टर झडपांवरही असतात. ते सतत चेतवले गेले की झडप जाडी होत जाते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फेनफ्लुरामिन बाजारातून गेलं. पुढे सिब्युट्रामिन आलं. त्यानं बीपी आणि नाडी वाढायची. हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या सुमारे दहा हजार लोकांवर ते तपासलं, तेव्हा अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकारानं मृत्यू यांचा एकत्रित धोका १६ टक्क्यांनी जास्त भरला. २०१० मध्ये अमेरिकेत आणि युरोपात तेही बंद झालं.

दोनदा तोंड पोळल्यावर डॉक्टरांनी ताकही फुंकून प्यावं, यात नवल नाही.

नवी इंजेक्शनं वेगळ्या वाटेनं आली. ती मुळात मधुमेहाची औषधं. आणि मधुमेहाच्या औषधांबाबत अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं, म्हणजे एफडीएनं, २००८ साली नियम कडक केला होता : नुसती साखर उतरवून भागणार नाही, हृदयाचा धोका वाढत नाही हेही दाखवा. त्यामुळे लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड यांना हजारो रुग्णांवर, काही वर्षं चालणाऱ्या चाचण्यांमधून जावं लागलं. कंपन्यांना ते ओझं वाटलं असेल. आज हार्ट पेशंटला काही ठामपणे सांगता येतं, ते त्या ओझ्यामुळेच.

(दृश्य : आतड्याचं रेखाचित्र; रक्तात मिसळणारे ठिपके)

जेवण झालं की आतड्याच्या काही पेशी जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सोडतात. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं, मेंदूला पोट भरल्याचं कळवतं. पण रक्तातलं एक एन्झाइम ते एक-दोन मिनिटांत तोडून टाकतं. प्रयोगशाळेत त्याच्या रचनेत फेरफार करून ते टिकाऊ केलं, आणि सेमाग्लुटाइड आठवडाभर पुरायला लागलं. टर्झेपेटाइड त्याच घराण्यातलं, ते जीआयपी या आणखी एका संप्रेरकाचंही काम करतं. फेनफ्लुरामिनशी या दोघांचं काही नातं नाही.

तरी हृदय या औषधापासून अगदी अलिप्त राहत नाही. नाडी थोडी वाढते, सरासरी मिनिटाला एक ते चार ठोक्यांनी. काही जणांत त्याहून जास्त. सिब्युट्रामिनची आठवण असलेल्या डॉक्टरांच्या कपाळावर इथंच आठी पडली होती. फरक असा की इथं बीपी चढत नाही, उलट उतरतं. मग वाढलेली नाडी आणि उतरलेलं बीपी, यात हृदयाचा नफा की तोटा? हे नुसता तर्क लढवून ठरणारं नव्हतं.

त्याचं उत्तर २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आलं. चाचणीचं नाव सिलेक्ट. ४१ देश, १७,६०४ माणसं. सगळ्यांचं वय ४५ किंवा त्याहून जास्त, सगळ्यांचं वजन जास्त, सगळ्यांना आधीच हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार झालेला, आणि मधुमेह कुणालाच नाही. निम्म्यांना दर आठवड्याला सेमाग्लुटाइड, निम्म्यांना तसंच दिसणारं बिनऔषधाचं इंजेक्शन. सरासरी तीन वर्षांहून थोडा अधिक काळ लक्ष ठेवलं. बिनऔषधाच्या गटात शंभरातल्या आठ जणांना अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकारानं मृत्यू यांपैकी काहीतरी गाठून गेलं. औषधाच्या गटात हे प्रमाण साडेसहा होतं.

मथळ्यांत आलं, 'धोका २० टक्क्यांनी कमी'. खोटं नाही. पण घरी बसलेल्या माणसासाठी दुसरा हिशेब जास्त प्रामाणिक आहे : तेवढा काळ साधारण ६७ जणांनी सुई घेतली, तेव्हा एकाचा प्रसंग टळला. आणि हेही सांगायला हवं की त्रास होतो म्हणून औषध सोडून देणारे औषधाच्या गटात १६.६ टक्के होते, दुसऱ्या गटात ८.२ टक्के. बहुतेकांची तक्रार पोटाची. मळमळ, उलट्या, जुलाब.

मार्च २०२४ मध्ये एफडीएनं सेमाग्लुटाइडला आणखी एका कारणासाठी मंजुरी दिली : हृदयविकार आणि जास्त वजन असलेल्यांमध्ये अटॅक, पक्षाघात टाळण्यासाठी. जे औषध हृदयाला बाधेल का म्हणून तपासायला घेतलं, ते हृदयासाठी लिहून द्यायची वेळ आली.

इथंच व्हिडिओ थांबवून पेन आणायला निघू नका. सिलेक्टमध्ये कोण नव्हतं, तेही बघायचं असतं. गेल्या दोन महिन्यांत अटॅक आलेले नव्हते. हृदय अगदीच थकून बसल्या जागी दम लागणारे नव्हते. 'हार्ट पेशंट' या एका नावाखाली आपण भलतीच वेगवेगळी माणसं कोंबतो.

(दृश्य : इकोची खोली. पडद्यावर हृदयाचा करडा कप्पा आकसतो, पसरतो. तंत्रज्ञ एक रेघ ओढून कडा मोजतो.)

या पडद्यावर जो आकडा निघतो त्याला म्हणतात ईएफ. हृदयाचा डावा कप्पा भरल्यावर प्रत्येक ठोक्याला त्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो, ते. बोलीभाषेत पंपिंग. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे, शरीराला लागतं तेवढं रक्त पुरवायला ते कमी पडणं. ते झालेल्या दोन माणसांना सारखाच दम लागतो, दोघांच्याही पायावर सूज असते. पण एकाचं पंपिंग चांगलं असतं आणि हृदय ताठ झालेलं असतं, दुसऱ्याचं पंपिंगच पडलेलं असतं. या सुईच्या बाबतीत दोघांच्या वाटा इथून वेगळ्या होतात.

पहिल्या प्रकारात, म्हणजे पंपिंग बरं आणि वजन जास्त, बातमी चांगली आहे. २०२३ साली ५२९ रुग्णांवर झालेल्या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचा त्रास वर्षभरात स्पष्ट कमी झाला. सहा मिनिटांत ते जेवढं चालू शकायचे त्यात सुमारे २१ मीटरची भर पडली. आकडा किरकोळ वाटतो, पण चार पायऱ्या चढून धापा टाकणाऱ्याला विचारा. पुढच्या वर्षी टर्झेपेटाइडच्या ७३१ जणांच्या चाचणीत आजार बळावण्याचे प्रसंगही कमी झाले. मृत्यू कमी झाल्याचं मात्र त्यात दिसलं नाही.

दुसऱ्या प्रकारात, पंपिंग पडलेल्यांमध्ये, जपून. लिराग्लुटाइडच्या दोन चाचण्या अशा रुग्णांवर झाल्या. एकीत, नुकतेच हार्ट फेल्युअरनं दवाखान्यात राहून आलेले ३०० जण होते. फायदा दिसला नाही, आणि पुन्हा भरती होणाऱ्यांची संख्या उलट औषधाच्या बाजूला झुकलेली होती. दुसरीत २४१ जण होते. नाडी वाढली आणि हृदयाच्या गंभीर तक्रारी औषधाच्या गटात जास्त निघाल्या. चाचण्या लहान होत्या, औषध जुनं होतं, त्यावरून सगळ्या घराण्यावर शिक्का मारता येणार नाही. पण ईएफ ३० असलेल्या माणसानं सिलेक्टचा निकाल आपलाच समजणं चूक. हा निर्णय त्याच्या हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय व्हायला नको. त्यातही ज्याचं अंग आजारानंच झडत चाललंय त्याला वजन उतरवण्याची नव्हे, राखण्याची गरज असते. या औषधांनी चरबीबरोबर स्नायूही जातात.

आता ज्या गोष्टीबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं, तिच्याकडे येऊ.

(दृश्य : गोळ्यांचा डबा. आठवड्याचे सात कप्पे, प्रत्येकात पाच-सहा गोळ्या.)

हार्ट पेशंटला या सुईचा त्रास होतो तो कित्येकदा एकट्या सुईमुळे नाही, या डब्यामुळे. डब्यात लघवीची गोळी असते, बीपीची एक-दोन असतात. त्यांचे डोस ठरवले तेव्हा वजन शंभर किलो होतं आणि माणूस नीट खात-पीत होता. आता सुईचा डोस वाढवलाय. मळमळतंय, दोन दिवस घशाखाली काही उतरत नाही, पाणीही नको वाटतं, वर जुलाब. आणि लघवीची गोळी आपली शरीरातलं पाणी काढतेच आहे. सकाळी अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. मूत्रपिंडांवर ताण येतो. पोटॅशियम घसरलं तर ठोक्यांची लय बिघडते, आणि ज्याचं हृदय आधीच दुखावलेलं आहे त्याला ते परवडणारं नाही. दोष कुणाचा विचाराल तर जुन्या चिठ्ठीचा. सुई सुरू करताना, आणि नंतर प्रत्येक वेळी डोस चढवताना, ती चिठ्ठी पुन्हा वाचायला हवी. उलट्या-जुलाब लागले तर लघवीची गोळी त्या दिवशी घ्यायची की नाही, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. त्या अवस्थेत फोन शोधत बसण्यापेक्षा ते बरं.

आणि एक बारकावा. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला रोज सकाळी वजन करून वहीत लिहायला सांगतात. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं की पाणी साठतंय, लगेच कळवा. ही वही सुईनंतर फसवू शकते. चरबी उतरत असताना त्याच वेळी पाणी साठलं, तर काट्यावरचा आकडा जागेवरच राहतो किंवा थोडा कमीच दिसतो, आणि घरचे खुशीत असतात. म्हणून काट्याबरोबर घोटे दाबून बघायचे, आडवं झाल्यावर दम लागतो का, उशा वाढवाव्या लागतात का, याकडे लक्ष ठेवायचं.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर साखर अचानक खाली जाऊ शकते. हार्ट पेशंट बऱ्याचदा बीटा ब्लॉकरवर, म्हणजे नाडी मंदावणाऱ्या औषधावर असतो. साखर उतरल्यावर होणारी धडधड आणि थरथर ते औषध झाकून टाकतं. घाम तेवढा फुटतो. वॉरफॅरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी सुरुवातीला आयएनआर, म्हणजे रक्त किती लवकर गोठतं ते सांगणारा आकडा, वरचेवर तपासावा. भूल देऊन काही करायचं ठरलं, मग ती बायपास असो की दुसरी शस्त्रक्रिया, तर आपण ही सुई घेतो हे भूलतज्ज्ञांना सांगायचंच, कारण उपाशी राहूनही जठरात अन्न उरलेलं असू शकतं. डोळ्याच्या पडद्याला मधुमेहाची बाधा असेल तर डोळे तपासून मग सुरुवात. मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कॅन्सर स्वतःला किंवा घरात कुणाला झालेला असेल तर ही सुई नाही. गरोदरपणात नाही.

मळमळीबद्दल मात्र एक वाक्य जास्त. अटॅकही कधीकधी मळमळ, उलटी, पोटाच्या वरच्या भागात दडपण असाच येतो. सुई चालू असलेला माणूस म्हणतो, हे त्या औषधाचंच. बरोबर छातीत जडपणा, जबडा किंवा हात भरून येणं, गार घाम असेल, तर तर्क करत बसायचं नाही. दवाखाना गाठायचा.

आणि पेन खात्रीच्या ठिकाणचं, चिठ्ठीवर घेतलेलं. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं नकली सेमाग्लुटाइडबद्दल इशारा दिला, कारण ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत अशी पेनं सापडली होती. नकली पेनात औषधच नसू शकतं, किंवा भलतंच असू शकतं, इन्सुलिनसुद्धा.

(दृश्य : बीपीच्या मशीनचा पट्टा दंडावर फुगतो.)

शेवटी बंद करण्याचं. सुई सुरू आहे म्हणून स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी सोडून देणारे लोक आहेत. सिलेक्टमधल्या बहुतेकांच्या या गोळ्या चालू होत्या. फायदा दिसला तो त्यांच्या जोडीनं. आणि सुई स्वतः बंद केली तर? सेमाग्लुटाइडच्या एका चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात, उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. त्याबरोबर बीपीही मूळ पातळीकडे गेलं. त्या काळात ज्याची बीपीची गोळी अर्धी केली होती, त्याला ती पुन्हा पूर्ण लागू शकते. तेव्हा सुई थांबवायची असेल, खर्चामुळे, त्रासामुळे, कशामुळेही, तर डॉक्टरांना तसं सांगून थांबवा, आणि पुढचे काही महिने घरी बीपी मोजून ते आकडे त्यांना दाखवत राहा.