अर्धा कोयता

[दृश्य: पहाट. पारापाशी उभा ट्रॅक्टर, डोक्यावर पोती घेऊन येणारी माणसं.]

दारावरचे आकाशकंदील अजून उतरलेले नाहीत. बीड जिल्ह्यात, धारूर तालुक्यातल्या या गावात ऊसतोडीला नेणारा ट्रॅक्टर मात्र लागलाय. आधी चढतात बाजरीची पोती, मग पत्र्याची पेटी, सरपण, कोंबड्यांचं डालगं. पोरं सगळ्यात शेवटी. पोत्यांच्या फटीत कोंबलेलं ते निळं दप्तर बघा. त्यात वह्या नाहीत, धाकट्यांचे स्वेटर आहेत.

पोरं शाळा का सोडतात, असं विचारलं की ‘त्यांना गोडीच नाही’ हे उत्तर तयार असतं. आम्ही शोध घेतला तो या वहीत.

[दृश्य: मुकादमाची वही, पानावरून फिरणारं बोट.]

ऊसतोडीला माणसं नेणारा मुकादम कॅमेऱ्यासमोर यायला तयार झाला नाही, वही तेवढी दाखवली. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते, तीही पावसाळ्यात, घरात दाणा नसतो तेव्हा. बहिणीचं लग्न, दवाखाना, कोरडी गेलेली बोअर, सगळं त्यातूनच भागतं. मग हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. नाही फिटली तर बाकी पुढच्या सालाच्या पानावर. अशा वेळी घरातलं पंधरा-सोळा वर्षांचं पोर वहीत ‘अर्धा कोयता’ म्हणून लागतं आणि उचल वाढते. नववीची शाळा सुटते ती इथे, या ओळीत.

आठवीपर्यंत निदान आधार असतो. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाला लागू आहे, आणि आईबाप उसाच्या फडावर गेले की पोर आजीजवळ राहून हंगामी वसतिगृहात जेवतं. नववीला शाळा लांबच्या गावात, आणि आजीही थकलेली. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना आली. तिथे जागा मिळाली, तर पोर वाचतं.

[दृश्य: फड. धुकं. कोयत्याचे घाव.]

पहाटेचे चार. बुडख्याशी एक घाव, शेंड्याला दुसरा. वाढं, म्हणजे हिरवा शेंडा, बाजूला, ऊस हारीत. मोळी वाढ्यानेच बांधायची, डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून ट्रॉलीत चढायचं. फळी दवाने ओली आहे.

[दृश्य: कोपीसमोर, म्हणजे फडावरच्या झोपडीसमोर, झोळी हलवणारी मुलगी.]

हिची शाळा सातवीत सुटली. धाकट्याला सांभाळायला कोण? आणि शाळा सुटली की पुढे लग्नाचं बोलणं. बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी चाळीसहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं, असं २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं.

[दृश्य: संध्याकाळ. मुलाचे हात, जवळून.]

नववीच्या हजेरीपटावर याचं नाव अजून आहे. कोयता नवा आहे, मूठ घसरते. म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून तो मुठीला गुंडाळतोय.

[निवेदन थांबतं. कानसीवर कोयत्याचा आवाज.]