रोमन अँफोरा की टॉर्पेडो रांजण?

(दृश्य : नालासोपारा, स्तूपाचा परिसर)

इसवीसनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत 'सुप्पारा' आणि 'कॅलिएना' ही नावं येतात. म्हणजे आपलं सोपारा आणि कल्याण. रोमन जगाचं पुरातत्त्व शिकणाऱ्या मुंबईच्या विद्यार्थ्याला याहून चांगली सुरुवात नाही.

पुरातत्त्वात दोन वर्षांचं एमए, मग नेट, मग पीएचडी. जोडीला ग्रीक-लॅटिन. पण परवान्याशिवाय कुदळ मारता येत नाही, त्यामुळे हात बसतो तो भांडारातल्या खापरांवर.

(दृश्य : खापराची आतली बाजू, जवळून)

अँफोरा म्हणजे मद्य आणि तेल वाहून नेणारा, दोन कानांचा, निमुळत्या बुडाचा कुंभ. पश्चिम किनाऱ्यावर अँफोरा म्हणून नोंदवलेली बरीच खापरं पुढे मेसोपोटेमिया-इराणकडच्या टॉर्पेडो रांजणांची निघाली. या रांजणांना कान नसतात आणि आतून नैसर्गिक डांबराचा लेप असतो. ताठ ब्रशने घासलं, की लेपाबरोबर पुरावाही वाहून जातो. अँफोऱ्यालाही आतून राळ लावत, म्हणून नुसत्या काळ्या रंगावरून निर्णय देऊ नये.

मग पकडीने कडेचा छोटा टवका काढायचा. जुनी कड क्षारांनी मळलेली असते. ताज्या कडेवर दहापट भिंग धरलं की मातीतली भर, म्हणजे तिच्यात मिसळलेले वाळूचे-खडकाचे कण, दिसते. नेपल्सच्या आखाताकडच्या अँफोऱ्यात काळी ज्वालामुखी वाळू दिसते, मिरपूड भुरभुरल्यासारखी. फसगत होते ती इथेच. आपला दख्खनही ज्वालामुखीचाच, बेसॉल्टचे काळे कण स्थानिक भांड्यांतही असतात. शंका उरली तर 0.03 मिलिमीटर जाडीचा छेद करून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. त्यात सॅनिडिन, म्हणजे नेपल्सकडच्या ज्वालामुखी खडकांत सापडणारं खनिज, दिसलं, तर ती माती दख्खनच्या बेसॉल्टची असण्याची शक्यता फार कमी.

काठाचा तुकडा असेल तर तो टेबलावर पालथा टेकवायचा आणि खालून उजेड दिसेनासा होईपर्यंत कलता करायचा. कल चुकला की चित्रात वाडग्याची परात होते. मग समकेंद्री वर्तुळांच्या तक्त्यावर व्यास. तुकडा परिघाच्या 5 टक्क्यांहून लहान असेल तर व्यास देऊच नये.

शेवटी खापरावर क्रमांक : स्थळ, खड्डा, थर. लेप आणि कड सोडून, शाईने, बारीक अक्षरात. पिशवीतल्या चिठ्ठीवर विसंबू नये. ती पावसाळ्यात विरते, आणि थर हरवलेलं खापर अस्सल रोमन असलं तरी त्यावरून सोपाऱ्याच्या एकाही थराचा काळ ठरवता येत नाही.