पहिलं पिस्तूल: साडेचार की टू-टू?

(दृश्य: सकाळची शूटिंग रेंज. टेबलावर उघडी पेटी, आत पिस्तूल.)

"सर, पोरीला एअर पिस्तूल कशाला? थेट टू-टूच घेऊ की. एकदाच काय तो खर्च होईल."

रेंजवर पहिल्यांदा आलेले वडील हमखास हेच विचारतात. एअर पिस्तूल म्हणजे साडेचार मिलिमीटरचं, हवेवर चालणारं. टू-टू म्हणजे पॉइंट बावीस बोअरचं, काडतुसाचं. बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप. शेजारी तेरा वर्षांची पोर गप्प उभी असते. तिचे डोळे पेटीवरून हलत नाहीत.

हा प्रश्न कोल्हापुरात पडावा, यात नवल नाही. २२ ऑगस्ट २०१८ रोजी इंडोनेशियातल्या पालेमबांगला कोल्हापूरची राही सरनोबत एशियाडच्या पंचवीस मीटर पिस्तुलाच्या अंतिम फेरीत उभी होती. थायलंडच्या खेळाडूशी तिची ३४-३४ अशी बरोबरी झाली. बरोबरी फोडायला जादा फेरी, म्हणजे शूट-ऑफ झाला, तिथंही बरोबरी. दुसऱ्या शूट-ऑफमध्ये राही जिंकली. एशियाडमध्ये नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. तिच्या हातात होतं ते टू-टू. मग आपल्या पोरीनंही तेच धरावं, असं बापाला वाटणारच.

(दृश्य: तळहातावर एक छर्रा, शेजारी टू-टूचं काडतूस.)

हा छर्रा साडेचार मिलिमीटरचा. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. त्यामागे दारू नाही, फक्त दाबलेली हवा. शेजारी टू-टूचं काडतूस, ५.६ मिलिमीटरचं. याची दारू बुडाच्या कडेवर ठोका बसला की पेटते. दोन्हींच्या जाडीत मिलिमीटरभराचा फरक, पण शिकणाऱ्या हाताला तो फार मोठा असतो.

आवाज आणि धक्का बसणार हे हाताला एकदा कळलं, की तो आधीच दचकायला लागतो. ट्रिगर दाबायच्या क्षणी मनगट खाली जातं, डोळे मिटतात. गोळी लागते दहाऐवजी सहाच्या गोलाला, आणि पोर म्हणते, "सर, पिस्तूल खराब आहे." हे दचकणं एकदा अंगात मुरलं की काढायला महिने जातात. टू-टूचा धक्का मोठ्या बोअरच्या मानानं हलका, हे खरं. तरी नव्या मनगटाला तो पुरेसा आहे.

एअर पिस्तुलात धक्का जवळपास नाहीच. म्हणून ते सोपं, असं मात्र समजू नका. छर्रा सावकाश जातो. तो नळीतून बाहेर पडेपर्यंत हात हलला, तर ती चूक थेट टार्गेटवर दिसते. दहा मीटरवरचा दहाचा गोल साडेअकरा मिलिमीटरचा, शर्टाच्या बटणाएवढा. किलोभर वजन एका हातात, आधार कशाचाच नाही. साठ शॉट, सव्वा तास. चूक झाली की ती आपलीच, हे साडेचारचं पिस्तूल रोज दाखवतं. माझ्या मते पहिल्या पिस्तुलाचं कामच ते.

ट्रिगरचंही तसंच. स्पर्धेआधी पंच ट्रिगरला वजन अडकवून बघतात. एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅम, पंचवीस मीटरच्या टू-टूला १००० ग्रॅम. त्यात रॅपिडच्या, म्हणजे झटपट गोळी झाडायच्या फेरीत खाली धरलेला हात वर आणायचा आणि गोळी सोडायची, तीन सेकंदांत. ज्या बोटाला पाचशे ग्रॅम शांतपणे दाबता येत नाहीत, ते तीन सेकंदांत किलोचा ट्रिगर काय दाबणार?

पॉइंट बत्तीसचं नाव कुणी काढलं, तर ती गोष्टच निराळी. तो सेंटर फायरचा, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या मधोमध ठोका बसतो तो, पुरुषांचा प्रकार. नेमबाज जसपाल राणानं १९९४ साली हिरोशिमाच्या एशियाडला त्यातच सुवर्ण मिळवलं होतं. पहिल्या पिस्तुलाच्या यादीत त्याला जागा नाही.

आता कायदा. साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर पिस्तुलाला २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. टू-टूला लागतो. पण परवाना नको म्हणजे खेळणं नव्हे. छर्रा डोळा घालवू शकतो. घरात ते कुलपात हवं, आणि नळीचं तोंड कायम टार्गेटकडं.

(दृश्य: कानशीनं घासली जाणारी लाकडी मूठ.)

बोअरवर तासभर वाद घालणारे वडील मुठीबद्दल एक शब्द विचारत नाहीत. खरं तर तिथंच सगळं आहे. तेरा वर्षांच्या पोरीच्या पंजात मोठ्या मापाची मूठ दिली, तर बोट ट्रिगरवर सरळ पडत नाही, आणि प्रत्येक शॉट एका बाजूला ओढला जातो. लहान माप घ्यावं, लागेल तिथं कानशीनं घासावं, कुठं पुट्टी भरावी. हात वाढतो, मूठ बदलता येते. म्हणून पहिले काही महिने विकत काहीच घेऊ नये. क्लबचं पिस्तूल धरावं, दोन-चार मुठी हातात घेऊन बघाव्यात.

(दृश्य: पांढरी भिंत. पोर भिंतीसमोर उभी.)

सर पेटीतून साडेचारचं पिस्तूल काढतात. नळी रिकामी असल्याचं आधी स्वतः बघतात, मग तिला दाखवतात. नळीच्या टोकावरच्या, नेम धरायच्या खुंटीवर बोट ठेवतात. तिला माशी म्हणतात.

"छर्रा आज नाही, बाळा. फक्त माशी बघायची. भिंत नाही, माशी."

ती हात उचलते. माशी थरथरते. वडील मागच्या बाकावर जाऊन बसतात.