सगळी घडणावळ

[अंधार. टिक-टिक-टिक असा आवाज. हळूहळू उजेड होतो. तळहातावर फिरणारं फ्रीव्हील, सायकलीच्या मागच्या चाकाचं दातेरी चक्र.]

हा आवाज ओळखलात? उतार लागला, पायडल मारायचं थांबवलं, की मागच्या चाकातून येतो तो. आत दोन बारक्या खिट्ट्या असतात, केसासारख्या स्प्रिंगनं वर उचलून धरलेल्या. जोर लावला की त्या दात्यांत अडकतात आणि चाक ओढतात. जोर काढला की दात्यांवरून घसरत टिकटिकतात.

हे फ्रीव्हील म्हणजे सायकलीच्या भंगारातून मी केलेला पहिला दागिना. म्हणजे करायला घेतलेला. तीन दिवस घासलं, चकचकीत केलं, काळ्या गोफात ओवून गळ्यात घातलं आणि अर्ध्या तासात मान अवघडली. भलतंच जड! तेव्हापासून ते टेबलावर पडून असतं. फोनवर कुणी लांबण लावली, की मी ते फिरवत बसते.

[पुण्यातली सकाळ. सायकल दुरुस्तीच्या दुकानाचं शटर वर जातं. दारात टांगलेले टायर, पाण्याचं घमेलं.]

पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे, हे आता आजी-आजोबांच्या तोंडून ऐकायचं. तासावर भाड्यानं मिळणारी सायकल, रात्री दिवा नसला की पोलीस, डबलसीट दिसलं की पोलीस. सायकलीवर कर असायचा आणि तो भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला मिळायचा. जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारली तर असा एखादा पितळी बिल्ला अजून सापडतो. त्याचं पदक फार सुंदर होईल, हे खरंय. पण बिल्ल्याला भोक पाडायला माझा हात धजत नाही. तो आहे तसाच राहू दे.

मला लागतो तो माल बिल्ल्याइतका मानाचा नाही. या दुकानाच्या कोपऱ्यात एक डबा आहे. झिजलेल्या चेन, वाकडे स्पोक, फुटलेल्या बेअरिंगमधले छर्रे, म्हणजे पोलादी गोळ्या, पंक्चरवर पंक्चर काढून थकलेल्या ट्यूब. महिन्याकाठी हा डबा भंगारवाल्याकडे जातो, किलोवर. पहिल्यांदा मी मागायला गेले तेव्हा दुकानातले काका म्हणाले, "मॅडम, नवीन चेन घ्या की. ही कशाला?" मी हातातलं कडं दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "ही तर चेनच आहे." मी म्हटलं, "हो काका, चेनच आहे." त्यानंतर मी मॅडमची ताई झाले.

[जवळून: चेनची एक कडी. चेन कटरचा दांडा फिरतो, पिन हळूहळू बाहेर येते.]

चेन. आपल्या भाषेत साखळी. गळ्यातली ती साखळी आणि सायकलीतलीही साखळीच. पण ही साखळी कड्यांत कडी अडकवून होत नाही. हान्स रेनॉल्ड नावाचा मूळचा स्विस माणूस इंग्लंडमध्ये मँचेस्टरला चेनचा कारखाना चालवायचा. त्यानं १८८० साली पिनेवर एक नळी आणि नळीवर फिरणारा रोलर अशी रचना केली. आज तुमच्या बिल्डिंगखाली उभी असलेली सायकल त्याच रचनेवर चालते. दूधवाल्याची काळी मोठी सायकल घ्या नाहीतर लाखभर रुपयांची रेसिंगची घ्या, एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचं अंतर अर्धा इंच. १२.७ मिलिमीटर. चेनची रुंदी बदलते, हे अंतर बदलत नाही.

या अर्ध्या इंचावर दोन पट्ट्या, एक पिन, एक नळी, एक रोलर असे पाच तुकडे असतात. साध्या सायकलीची चेन ११२ कड्यांची येते. म्हणजे एका चेनमध्ये ५६० तुकडे! पट्टीचा आकार पाहा, मध्ये कंबर बारीक आणि दोन्हीकडे गोल, डमरूसारखा. एक पट्टी घासून कानात लटकवली तर सायकलीतली आहे हे कुणी ओळखत नाही. रोलर म्हणजे आयते मणी.

कड्यासाठी मात्र चेन सुटी करायची नसते, हवी तेवढी तोडायची. आणि इथे एक गंमत होते. चेनमध्ये एक आतली कडी, एक बाहेरची कडी अशी जोडी असते, आणि टोकं जुळवायची तर जोडी पूर्ण हवी. त्यामुळे कडं ७ इंचांचं होतं, नाहीतर ८ इंचांचं. साडेसात होत नाही. माझं मनगट नेमकं साडेसातचं. हाफ लिंक नावाची एक वाकडी कडी मिळते, ती घातली की जमतं. पण ती घातलेलं कडं मला खटकतं, रांगोळीत एक ठिपका चुकावा तसं. म्हणून मी ८ इंचांचं घालते. ते कोपराकडे घसरतं. घसरू दे.

काका नव्या चेनला बोट लावून म्हणतात, "ही ताठ आहे, अजून मुरली नाही." जुनी चेन ताणली जाते असं आपण म्हणतो, पण पोलाद ताणलं जात नाही. पिन आणि नळी एकमेकींना झिजवतात आणि प्रत्येक सांध्यात केसभर जागा होते. बारा इंचांत मावणाऱ्या २४ कड्या बारा इंच आणि वर एक दोरा भरल्या, की ती चेन दात्यांवरून उड्या मारायला लागते. सायकलीच्या दृष्टीनं ती संपली. मनगटाच्या दृष्टीनं मात्र आत्ता कुठे तयार झाली. तिच्यात बाजूला झुकण्याइतकी ढिलाई येते, ती हातावर सांडल्यासारखी पडते. नव्या चेनचं कडं करून बघितलं मी. बेडी वाटते.

[गॅलरी. जुनं पातेलं, काळं पाणी, दात घासायचा जुना ब्रश. निवेदिकेचे काळे हात.]

आता न आवडणारा भाग. खरं काम हेच आहे.

सायकलीच्या चेनवरचं काळं म्हणजे नुसतं ग्रीस नव्हे. तेल, रस्त्यावरची धूळ आणि झिजलेल्या लोखंडाची पूड यांची ती चटणी असते. आधी रॉकेलमध्ये रात्रभर भिजत घालायची. रॉकेल हल्ली मिळत नाही, मग डिझेल. मग ब्रश. मग भांड्यांचा साबण आणि कढत पाणी. पाणी काळं येतं, ओतायचं. पुन्हा काळं येतं, पुन्हा ओतायचं. आठवं पाणी स्वच्छ आलं म्हणून खूश व्हावं तर चेन वाकवल्यावर सांध्यातून पुन्हा काळा थेंब येतो. डिझेल मोरीत ओतू नका. बाटलीत गाळून ठेवलं की पुढच्या चेनला चालतं.

गंज असेल तर लिंबाचं सत्त्व पाण्यात घालून त्यात बुडवायचं. पितळेच्या भांड्यांना चिंच लावतो त्यातलाच प्रकार. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवायचं आणि लगेच, अगदी लगेच, कोरडं करायचं. दहा मिनिटं गप्पा मारत बसलात तर तांबूस गंज पुन्हा हजर.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. तापवलेल्या पोलादावर फार देखणा रंग चढतो. आधी गवती पिवळा, मग जांभळा, आणि ३०० अंशांच्या आसपास मोरपिशी निळा. तो पाहून मोह होतो, गॅसची टॉर्च घेऊन सगळं तापवत सुटावंसं वाटतं. पण सायकलीचे बरेचसे स्पोक आणि नट जस्ताचा मुलामा दिलेले असतात. ते लाल होईस्तोवर तापवले की पांढरा धूर निघतो, आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. वेल्डिंगवाल्यांना हा ताप ठाऊक असतो. मुलामा दिलेलं काहीही तापवायचं नाही. विषय संपला.

[स्पोकच्या टोकाचे आटे. त्यावर निपल फिरत जातं. शेजारी, मोत्याच्या कुडीची फिरकी.]

ही दोन आवळणं शेजारी शेजारी बघा. डावीकडे स्पोक आणि त्याला चाकाच्या कडेशी आवळणारं बारकं नट, म्हणजे निपल. उजवीकडे माझ्या आजीची कुडी आणि तिची फिरकी. दोन्हीकडे मळसूत्र! हे लक्षात आलं त्या दिवशी मी स्पोकचं टोक कापलं, दोन मिलिमीटर जाडीची तार गोल वळवली, आणि तिचंच निपल फिरकीसारखं लावून टाकलं. कानात नाही हं, ते फार जाड होतं. ओढणीची पिन झाली ती. कानात जाणारा आकडा मी चांदीचाच करून घेते, कारण सायकलीच्या भागांवर निकेल असतं आणि निकेलनं कितीतरी जणींचे कान खाजतात, चिघळतात.

जुन्या मोठ्या सायकलीच्या पुढच्या चाकात ३२ स्पोक, मागच्यात ४०. दोन्ही चाकं उलगडली की ७२ निपलं. एकेक साधारण १२ मिलिमीटरचं, भोक आधीच पाडलेलं. ओवली की छातीवर रुळेल एवढी माळ होते. कानशीनं वरचा मुलामा काढल्यावर आत पिवळं निघालं तर नशीब, पितळ आहे. पांढरं निघालं तर लोखंड, ते परत डब्यात.

छर्ऱ्यांनी माझी चांगलीच जिरवली. मागच्या चाकाच्या मध्यभागी, हबमध्ये, पाव इंचाचे नऊ-नऊ छर्रे दोन बाजूंना असतात, आरशासारखे. म्हटलं, बोरमाळ! भोक पाडायला घेतलं. तीन ड्रिल बिट गेले आणि छर्ऱ्यावर साधा ओरखडा नाही. भोक पडायचंच नाही, इतकं ते पोलाद कडक केलेलं असतं. शेवटी तारेच्या पिंजऱ्यात एकेक छर्रा कोंडला. बोरमाळ नाही झाली. पण छर्रे पिंजऱ्यात गोल फिरतात, आणि फिरणं हेच तर त्यांचं काम होतं.

मला हेच बघायला आवडतं. चेन वाकते, छर्रा फिरतो, निपल आवळतं. बाजारात दातेरी चक्रं गोंदानं एकावर एक चिकटवलेली पदकं दिसतात. त्यांतलं एकही चक्र फिरत नाही. दिसायला सायकल, पण हलायला दगड. ती मला आवडत नाहीत, रागावणाऱ्यांनी रागवावं.

[रविवार पेठ. सोनाराची पेढी. तराजू, फुंकणी, पितळी चिमटा.]

चांदीचे आकडे करून घ्यायला मी रविवार पेठेत जाते. सोनारकाकांनी पहिल्यांदा चेनचं कडं तराजूत ठेवलं, सवयीनं. मग हसले. सोन्यात धातूचा भाव मोठा आणि घडणावळ त्यावर थोडीशी. माझ्याकडे उलटं. त्यांनी कडं परत दिलं आणि म्हणाले, "म्हणजे तुमची सगळी घडणावळच की हो. धातू फुकट."

कुणी विचारतं, "लोखंडाचे एवढे पैसे?" तेव्हा मला आठ पातेली काळं पाणी आठवतं. बोलत नाही मी काही.

[संध्याकाळ. पुन्हा सायकलचं दुकान. शाळेच्या गणवेशातली एक मुलगी सायकल ढकलत येते.]

हे चित्रीकरण संपत आलं होतं. कॅमेरा आवरत होतो. ही मुलगी आली, चेन हातात धरून. लॉक गळून पडलं होतं. लॉक म्हणजे चेनची दोन टोकं जोडणारी कडी आणि तिच्यावरची माशाच्या आकाराची पत्ती. काकांनी डबा उपसला, दुसरा उपसला. नवी लॉकं सकाळीच संपली होती, बाकीची दुकानं बंद.

काकांनी माझ्या हाताकडे पाहिलं. माझ्या कड्याला फासा नाही. चेनचं मूळचं लॉकच मी फाशासारखं वापरलंय.

"ताई, ते द्या जरा."

पकडीनं पत्ती सरकवली. कडं हातातून गळलं. अर्धा इंच तो अर्धा इंचच. काकांनी चेन दात्यांवर चढवली, लॉक बसवलं, पत्तीचं बंद टोक चेन जिकडे पळते तिकडे केलं, पायडल एकदा उलटं फिरवून पाहिलं.

टिक-टिक-टिक.

"किती झाले काका?" मुलीनं विचारलं.

काकांनी माझ्याकडे बोट केलं. "त्यांना विचार. लॉक त्यांचं आहे."

[मुलगी कॅमेऱ्याकडे बघते. निवेदिकेच्या तळहातावर उघडी पडलेली चेन. काळा पडदा.]