लुळा पडला हात, बिघडला मेंदू

पक्षाघात म्हणजे मेंदूची धमनी गुठळीने बुजणं किंवा मेंदूत रक्तस्राव होणं. त्यात उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, की बिघाड बहुधा मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असतो. हालचालीचे आदेश नेणारे बहुतेक तंतू मज्जारज्जू सुरू होण्याच्या जरा वर बाजू बदलतात.

मेंदू हा चौदाशे ग्रॅमच्या आसपास वजनाचा अवयव. शरीराच्या वजनात वाटा 2 टक्के, पण आपण स्वस्थ बसलेले असताना लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे 20 टक्के हा एकटा घेतो, आणि साठवत काहीच नाही. रक्त चार धमन्यांतून येतं: दोन मानेच्या पुढून, दोन मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांतून. मेंदूच्या तळाशी त्या जोडल्या जाऊन कडं तयार होतं. इंग्रज डॉक्टर थॉमस विलिस यांनी 1664 मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून ते विलिसचं कडं. एक वाट बुजली तर दुसरीने रक्त यावं, अशी ही सोय. पण बऱ्याच जणांत हे कडं अपुरं असतं, आणि रक्ताची गुठळी कड्याच्या पलीकडच्या फांदीत अडकली तर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

गुठळी सर्वाधिक वेळा अडकते ती मधल्या फांदीत. मोठ्या मेंदूच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे चेहरा आणि हात हलवणाऱ्या भागांना, हीच रक्त देते. पाय हलवणारा भाग दोन अर्ध्यांमधल्या फटीत, आतल्या अंगाला असतो. त्याची धमनी वेगळी. म्हणून हात पार गेलेला आणि पाय त्या मानाने बरा, असं पुष्कळदा दिसतं.

आता कपाळ बघा. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आदेश मिळतात. त्यामुळे पक्षाघातात ओठ ओघळला तरी भुवया सहसा दोन्ही उचलता येतात. चेहऱ्याची नसच सुजली असेल तर त्या बाजूचं कपाळही हलत नाही, डोळाही नीट मिटत नाही. हा फरक डॉक्टरांच्या कामाचा. घरी भुवया तपासत बसू नये.

भाषेचा कारभार बहुतेकांत डावीकडे. फ्रेंच डॉक्टर ब्रोका यांनी 1861 मध्ये ज्या रुग्णाचं वर्णन केलं, त्याला समजायचं बरंच, पण तोंडून शब्द निघायचा एकच: ‘तान’. त्याच्या मेंदूत पुढचा भाग बिघडलेला होता. कानाच्या वरचा, मागचा भाग गेला तर उलट घडतं. जर्मन डॉक्टर वेर्निके यांनी 1874 मध्ये हे मांडलं. माणूस सुरळीत बोलतो, पण बोलण्याला अर्थ नसतो, समोरच्याचं कळतही नाही. हात-पाय कधी कधी शाबूत असतात, त्यामुळे घरच्यांना वाटतं, डोकं फिरलं. इथे वेळ जातो.

छोट्या मेंदूचंही तसंच. ताकद जात नाही. तोल जातो, गरगरतं, उलट्या होतात. पित्त समजून झोपवून ठेवतात.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहून. म्हणून घरच्या घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नका. रक्तस्राव असेल तर ती घात करेल. पाणी-चहाही नको, गिळण्याचे स्नायू ढिले असतील तर घोट फुप्फुसात उतरतो. मधुमेह असेल तर तसं आवर्जून सांगा, कारण साखर फार उतरली तरी लक्षणं हुबेहूब अशीच दिसतात. आणि रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ लिहून न्या. सकाळी उठल्यावर लक्षणं दिसली तर तास मोजायचे ते रात्री झोपल्यापासून.