पिठाचा गरम डबा

नमस्कार मंडळी.

मला मराठी शाळेबद्दल बोलायला सांगितलं होतं. पण सुट्टीत साताऱ्याला जाऊन आलो, आणि तिथं माझा मुलगा जे एक वाक्य बोलला ते काही केल्या डोक्यातून जात नाही. आज त्याबद्दलच बोलतो.

मंगळवार पेठेत आमचं घर. आई एकटीच असते, वय अठ्ठ्याहत्तर. त्या दिवशी भांड्याच्या मावशी आल्या नव्हत्या. जेवणं झाली आणि माझा अकरा वर्षांचा मुलगा खरकटं ताट तसंच ठेवून उठला. आई गुडघ्यावर हात टेकत ताट उचलायला वाकली. मी आवाज चढवला, "ताट उचल. आजी उचलणार का?" तो चिडला नाही, उलटूनही बोलला नाही. खरोखर गोंधळून म्हणाला, "पण बाबा, मी इथं पाहुणा आहे ना?"

हे त्यानं आजीच्याच तोंडून ऐकलेलं. आल्या दिवसापासून ती म्हणत होती, "असू दे की रे, चार दिवसांचा पाहुणा आहे माझा." पण तिला मी काय बोलणार? इथं जर्मनीत आमच्या घरी मी तरी काय म्हणतो? "तू अभ्यास कर, मी बघतो." "राहू दे, तुझं झाल्यावर परत मलाच करावं लागतं." मोजे धुऊन, जोड्या लागून त्याच्या कपाटात येतात, कसे येतात त्याला ठाऊक नाही. साताऱ्यात तो पाहुणा आहे तसा इथंही पाहुणाच आहे. आणि त्याला तसा ठेवलाय तो आम्ही.

आमच्या लहानपणी पाणी भरणं थोरल्याकडे, अंथरुणं ताईकडे आणि दळण माझ्याकडे होतं. "गव्हावर गहूच टाकायला सांग, आधी ज्वारी असली तर थांब," हे आई दर खेपेला बजावायची. मी थांबायचो. गिरणीवाल्या काकांच्या भुवया पांढऱ्या, पट्ट्याची फटफट, नंबर लागेपर्यंत बाकावर बसून राहायचं. मग तो गरम डबा पोटाशी धरून घरी. थंडीच्या दिवसांत तर सोडावासा वाटायचा नाही. झाकण लगेच लावायचं नाही, पीठ घामेजतं. कुणी शाबासकी दिली नाही, पैसे तर नाहीच. पण घरात पीठ आहे ते माझ्यामुळे, हे मला सातव्या वर्षी माहीत होतं.

आपल्यातले काही जण मुलांना कामामागे युरो देतात. मला ते पटत नाही. स्वतःचं ताट उचलायचे पैसे मिळायला लागले की घराची खाणावळ होते.

माझे वडील साताऱ्याच्या शाहू बोर्डिंगात वाढले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ते १९२४ साली काढलं आणि १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचं नामकरण झालं. सगळ्या जातींची पोरं तिथं एकत्र राहायची, एका पंगतीला जेवायची. झाडलोट, पाणी, स्वयंपाक, सगळं पोरांच्या हातचं. "स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद" हे त्यांच्याच रयत शिक्षण संस्थेच्या पाटीवर आपण शंभरदा वाचलंय. वडील सांगायचे, बोर्डिंगातली पहिली भाकरी करपली ती खाल्ली सगळ्यांनी, आणि दुसऱ्या दिवशी पीठ मळायला पुन्हा त्यांनाच बसवलं. मी मात्र मुलाची पहिली वाकडी पोळी बघून लाटणं काढून घेतलं होतं. तेव्हा तो पाच वर्षांचा होता. परत कधी त्यानं मागितलं नाही.

आणि आपण ज्या देशात राहतो तिथं काय आहे? जर्मन नागरी कायद्याचं कलम १६१९ वाचा. मूल आईवडिलांच्या घरात राहतं, ते त्याला वाढवतात किंवा पोसतात, तोवर आपल्या कुवतीप्रमाणे घरकामात आणि त्यांच्या धंद्यात हातभार लावणं हे त्याचं कर्तव्य आहे, असं तिथं लिहिलंय. ही पळवाट नव्हे, मुलांना राबवून घ्यायची मुभाही नव्हे. 'कुवतीप्रमाणे' हा शब्द मला फार आवडला. पाच वर्षांचं मूल चमचे पुसून ठेवू शकतं. अकरा वर्षांचं मूल कुकर लावू शकतं, शिट्ट्या मोजू शकतं.

आता जरा रागावतो, कारण तुम्ही माझीच माणसं आहात. गणपतीच्या जेवणानंतर हॉल आवरताना रात्रीचे साडेअकरा वाजले. दरवर्षीच्याच त्या पाच बायका आणि आम्ही दोघं. मुलं मागच्या खोलीत मोबाईलवर. त्यांना कुणी हाक मारली नाही, मीसुद्धा नाही. आपण त्यांना आरत्या पाठ करून घेतो, लेझीम बसवून घेतो, आणि पत्रावळ्या उचलायची वेळ आली की "दमलीत बिचारी" म्हणतो. दिवाळीच्या फराळाला वाढपी मुलंच असू देत. चिवडा सांडेल. सांडू दे, केरसुणीही त्यांच्याच हाती द्या.

साताऱ्याचं थोडं राहिलं. निघायच्या चार दिवस आधी मी मुलाला दळणाला घेऊन गेलो. गिरणी तीच, माणूस नवा. गव्हावर गहू का, ते समजावलं. येताना डबा त्यानं धरला. दोन गल्ल्या काही बोलला नाही, मग म्हणाला, "बाबा, हे जिवंत असल्यासारखं गरम आहे." रात्री पोळ्या वाढताना आजीला विचारत होता, हे माझंच पीठ ना? आणि जेवण झाल्यावर ताट उचलून मोरीत ठेवून आला. कुणी सांगितलं नव्हतं.

इथं आल्यावर पुन्हा ताट टेबलावरच राहायला लागलं, तेही सांगतो. रोज सांगावं लागतं.

पण गेल्या रविवारी फोनवर त्यानं आजीला विचारलं, "पीठ संपलं का? आता दळण कोण आणतं?" आई म्हणाली, "डबा उचलवत नाही रे आता. पुडीचं आणते दुकानातून." फोन ठेवल्यावर तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मग आपल्या डब्यात काय आहे?"

मला अजून उत्तर देता आलेलं नाही.