पहिली चूक आणि पहिलं उत्तर

मंडळी, ऑनलाइन समुदाय कसा घडवावा आणि कसा चालवावा, असा विषय मला दिलाय. यातलं एकच घर मी आतून पाहिलंय, मराठी विकिपीडियाचं. म्हणून तिथल्याच एका प्रसंगापासून सुरुवात करतो. चूक माझी होती.

काही वर्षांपूर्वी एका रात्री मी 'अलीकडील बदल', म्हणजे नुकत्या झालेल्या लिखाणाची यादी, चाळत बसलो होतो. एक नवा लेख दिसला, एका गावच्या आठवडे बाजारावर. पहिलं वाक्य होतं, 'आमच्या गावी सोमवारी बाजार भरतो.' संदर्भ एकही नाही, मध्येच लेखकाच्या वडिलांची आठवण. मी प्रचालक होतो, लेख काढायचे अधिकार होते. दोन मिनिटांत तो काढून टाकला आणि सदस्याच्या चर्चापानावर तयार साचा डकवला: मजकूर विश्वकोशीय नाही, संदर्भ नाहीत. नियमात सगळं बसत होतं.

पुढे एका कार्यशाळेत एक निवृत्त शिक्षक भेटले. बोलता बोलता कळलं, तो लेख त्यांचा. मी माफी मागितली, तर ते म्हणाले, "अहो, मला वाटलं, आपलं मराठीच कच्चं आहे. म्हणून परत काही लिहिलं नाही." पस्तीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस हे म्हणत होता! त्या साच्यात त्यांच्या भाषेबद्दल एक अक्षर नव्हतं. पण कोरड्या उत्तराचा अर्थ माणूस स्वतःच लावतो, आणि बहुतेक वेळा स्वतःलाच दोष देतो.

हे एकट्या मराठीतलं दुखणं नाही. विकिपीडिया सुरू झाला 15 जानेवारी 2001 रोजी, इंग्रजीत. पहिली काही वर्षं माणसं लोंढ्यानं आली. 2007 नंतर मात्र तिथल्या सक्रिय संपादकांची संख्या उतरणीला लागली. लोक म्हणायचे, लिहिण्यासारखं संपलं, किंवा आता येणारे नवे लोकच हलके. 2013 मध्ये संशोधकांनी जुन्या-नव्या संपादकांच्या कामाचा ताळा घेतला. चांगल्या हेतूनं येणाऱ्या नवख्यांचं प्रमाण घटलेलं नव्हतं. वाढलं होतं ते त्यांचं लिखाण उलटवण्याचं, म्हणजे पुसून पान पूर्वीसारखं करण्याचं, प्रमाण. पानांची मुद्दाम नासधूस करणारा उत्पात फार वाढला म्हणून झटपट पुसणारी साधनं आली, सांगकामे आले. (यंत्रानं चालणाऱ्या सदस्याला मराठी विकिपीडियावर सांगकाम्या म्हणतात. हा शब्द ज्यानं सुचवला त्याला माझा नमस्कार.) या साधनांना खोडसाळ आणि नवखा यांतला फरक कळत नव्हता, आणि ती चालवणाऱ्या माणसांनीही तो पाहणं हळूहळू सोडून दिलं.

त्यावर 2012 मध्ये तिथं एक उपाय सुरू झाला होता, 'टीहाऊस' नावाचा. नवख्यानं कितीही साधा प्रश्न विचारावा, अनुभवी सदस्यानं आधी नमस्कार करून मग उत्तर द्यावं, नियमांची जंत्री तोंडावर फेकू नये. एवढंच. तिथं ज्यांना बोलावणं गेलं, ते नवखे इतरांपेक्षा थोडे अधिक टिकले, असंही पुढे अभ्यासात दिसलं. 'थोडे' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. आपुलकीनं जादू होत नाही, आणि तरीही ती रोज दाखवावी लागते.

मराठी विकिपीडिया 1 मे 2003 पासून आहे. नियमित लिहिणारे मोजके, त्यामुळे आपल्याकडे एक माणूस गेला की एक अख्खा विषय जातो. कोकणातल्या माशांवर लिहिणारा थांबला, की ते पान वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. चर्चेच्या जागेला आपण 'चावडी' म्हणतो, मताला 'कौल'. शब्द गावगाड्यातले आहेत, म्हणून त्यांच्याबरोबर गावगाड्याची एक खोडही येते: चार जाणती माणसं बसतात आणि बाकीचे पायरीवरून ऐकतात.

ही खोड कुठवर जाते, ते क्रोएशियन विकिपीडियानं दाखवलंय. तिथं प्रचालकांच्या एका छोट्या टोळक्यानं जवळपास दशकभर ताबा ठेवला. दुसऱ्या महायुद्धातल्या तिथल्या फॅसिस्ट उस्ताशा राजवटीचे गुन्हे सौम्य करून लिहिले आणि हरकत घेणाऱ्यांना बंदी घातली. 2013 मध्ये त्या देशाच्या शिक्षणमंत्र्यांना सांगावं लागलं, की विद्यार्थ्यांनी हा ज्ञानकोश वापरू नये. ते टोळकं हटून विकिमीडिया फाउंडेशनचा, म्हणजे विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेचा, अहवाल यायला 2021 उजाडलं. आता लक्षात घ्या, उलटवणं, बंदी, लेख काढणं ही त्यांची हत्यारं तीच होती, जी माझ्याही हातात होती. त्यांचा हेतू वाईट होता, माझ्याकडे घाई होती. बाहेर फेकल्या गेलेल्या माणसाला हा फरक दिसत नाही.

मला यावर आपल्याच मातीतलं एक उदाहरण आठवतं. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर शेकडो वर्षं फड पद्धत, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून बंधाऱ्याचं पाणी वाटून घ्यायची रीत, चालली. बंधाऱ्याचं पाणी कुणाच्या शेतात कधी जाईल हे पाटकरी पाहायचा, पिकाची राखण जागल्या करायचा. या माणसांना शेतकरीच नेमायचे आणि मोबदलाही शेतकरीच द्यायचे. पाटकऱ्यानं पाणी चोरलं, तर जाब विचारणारा माणूस बांधावरच उभा असायचा. प्रचालकपद असंच असावं, असं माझं ठाम मत आहे. ठरावीक मुदतीनं पुन्हा कौल घ्यावा, आणि आपण घातलेल्या बंदीवरची तक्रार दुसऱ्या प्रचालकानं ऐकावी. मी स्वतः आता नवख्या सदस्याच्या पहिल्या लेखाला साचा लावत नाही. हातानं दोन ओळी लिहितो: काय आवडलं, काय अडतंय, आणि पहिला संदर्भ मी शोधून दिलाय, दुसरा तुम्ही शोधा. यात वीस मिनिटं जातात. रोज दहा लेख तपासणारा मी आता तीनच तपासतो, आणि मागं राहिलेल्या सातांसाठी चावडीवर इतरांना हाक मारतो.

आता त्या शिक्षकांकडे येतो. काढलेला लेख प्रचालकाला परत आणता येतो. कार्यशाळा संपल्यावर त्याच खोलीत मी तो त्यांच्या धूळपाटीवर, म्हणजे सदस्याच्या सरावाच्या पानावर, आणला. जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरात त्या बाजाराची नोंद होती, वार सोमवारच. तो संदर्भ आम्ही मिळून जोडला. गुरुजींनी वडिलांची आठवण स्वतःहून काढली, वहीत वेगळी लिहून ठेवीन म्हणाले. मग बराच वेळ पहिल्या वाक्याकडे बघत बसले, आणि त्यातले 'आमच्या गावी' हे दोन शब्द खोडून तिथं गावाचं नाव लिहिलं.